एकट्यानं सुटत नाही

संत गाडगेबाबांचा जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. डेबूजी, म्हणजेच गाडगेबाबा, लहान असतानाच त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. माय लेकराला घेऊन मुर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, आपल्या माहेरी आली. पुढे डेबूजींना मुलगी झाली, तेव्हा बारशाला दारू-मटणाची पंगत द्यायची रीत त्यांनी मोडली आणि गोडाचं जेवण वाढलं. या गोष्टीला शंभरावर वर्षं झाली. लेकरू कडेवर घेऊन माहेरची वाट धरणाऱ्या माया वऱ्हाडात आजही आहेत.

दारू वाईट, हे इथं कोणाला सांगावं लागत नाही. पिणाऱ्याला तर ते सर्वांत आधी ठाऊक असतं. अडतं ते सोडायची कशी, इथं. आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे शपथ. कोणी लेकराच्या डोक्यावर हात ठेवतो, कोणी माळ घालतो, कोणी शेगावला जाऊन महाराजांपुढे कबूल करतो. काहींची शपथ टिकते आणि त्यांना माझा नमस्कार आहे. पण ज्याची मोडते त्याच्या डोक्यावर दारूसोबत शरमेचंही ओझं येतं, आणि ते विसरायला तो पुन्हा पितो. बाया एकजुटीनं मतदान करून गावातली बाटली आडवी करतात, ते मोठंच काम आहे. तरी पिणारा शेजारच्या गावी जातो.

१९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा अमेरिकन माणूस अ‍ॅक्रन शहरात एकटा होता. त्याची दारू काही महिन्यांपूर्वी सुटली होती. हाती घेतलेलं काम फसलं होतं आणि हॉटेलातल्या बारचा आवाज कानावर येत होता. त्यानं फोनवर फोन करून आपल्यासारखाच एक पिणारा शोधला. तो होता डॉ. बॉब स्मिथ, पेशानं सर्जन. उपदेश न करता विल्सननं त्याला स्वतःची हकीकत सांगितली. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, उभी राहिली. त्याच वर्षी इकडे तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला आणि पुढे सामुदायिक प्रार्थना गावोगावी नेली. सगळ्यांनी एकत्र बसल्यानं माणसाला बळ येतं, हे वऱ्हाडाला नवं नाही.

एए भारतात १९५७ साली मुंबईत आली. अमरावती-अकोल्यातही तिचे गट भरतात. मी एका खुल्या मीटिंगला जाऊन बसलो. तिथं ऐकलेलं तिथंच ठेवायचं असतं, म्हणून कोणाची कहाणी इथं सांगणार नाही. रीत तेवढी सांगतो. माणूस फक्त नाव सांगतो, आडनाव नाही, आणि ‘मी मद्यपी आहे’ म्हणून बोलू लागतो. मध्ये कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही. फी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. जन्मभराची शपथ कोणी मागत नाही; आजचा दिवस प्यायची नाही, एवढंच. ज्या माणसाचं घरात कोणी ऐकेनासं झालेलं असतं, त्याचं बोलणं तिथं सगळे मन लावून ऐकतात. औषध ते हेच, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकाएकी बंद केली तर हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात, भास होतात आणि जीवही जाऊ शकतो. त्यामुळे आधी डॉक्टर, मग मीटिंग. नवऱ्याच्या भाजीत लपून दारू सोडवायची पावडर कालवू नका, त्यानं घात होऊ शकतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार ३५ दिवसांचे असतात; छत्तिसावा दिवस आपल्याच गल्लीत उजाडतो आणि मीटिंगची खरी गरज तिथून सुरू होते.

गट सापडणं अवघड, कारण निनावीपणा हाच त्याचा पाया आहे. रस्त्यावर त्याची मोठी पाटी दिसत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना विचारा, अकोल्याच्या सर्वोपचार किंवा अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात विचारा, किंवा १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत हेल्पलाइनवर फोन करा. ‘कोनं पाह्यलं तं?’ ही भीती खरी आहे. छोट्या शहरात सगळेच ओळखीचे. तर अकोल्याच्या माणसानं बडनेऱ्याची गाडी धरावी, अमरावतीच्यानं अकोल्याची. आत जो ओळखीचा भेटेल, तोही त्याच दुखण्यासाठी आलेला असेल. आणि बायकोनं, आईनं, मुलांनी स्वतःसाठीही मदत मागावी. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. आणि नवरा पितच असला तरी त्या मीटिंगला जाता येतं.

आता मागणं शाळा, वाचनालयं आणि देवस्थानांच्या विश्वस्तांकडे. या गटांना आठवड्यातून तास-दीड तास बसायला खोली लागते. एए बाहेरून देणगी घेत नाही, आपला खर्च आपसात वर्गणी करून भागवते. भाडं ते देतील. ‘दारुड्यांची मीटिंग’ म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका. संध्याकाळी रिकामी पडणारी एक खोली त्यांना द्या.