वारा पाठीशी घेऊन हॉलंडची सायकल सफर



एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा हॉलंडमध्ये वागेनिंगेनच्या विद्यापीठात शेतीचे उच्च शिक्षण घेतो. त्याला भेटायला आईवडील दोघेही जाणार आहेत. 'मुलगा म्हणतो, सायकलवरून देश बघा. आमच्या वयाला झेपेल का?' असे त्या विचारतात.

झेपेल. मात्र पेरणीसारखी आधी तयारी हवी.

हॉलंड, म्हणजे नेदरलँड्स, आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढा देश. जमीन बहुतेक सपाट. माणसांपेक्षा सायकली अधिक, आणि सायकलींसाठी बहुतेक ठिकाणी वेगळी वाट. चढ नसला तरी वारा मात्र दमवतो. तो बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. उफणणी करताना आपण वाऱ्याची दिशा बघूनच उभे राहतो. तसेच इथेही करावे. पश्चिमेकडून पूर्वेकडे निघावे, म्हणजे वारा पाठीशी राहील.

म्हणून सुरुवात रॉटरडॅमपासून करावी. आपल्या नाशिकची द्राक्षे उतरतात तेच हे बंदर. तिथे सायकल भाड्याने घ्यावी आणि लेक नावाच्या नदीच्या बांधाने वागेनिंगेन गाठावे. अंतर सुमारे 100 किलोमीटर. तरणी पोरे ते एका दिवसात काटतील. आपण तीन दिवस घ्यावेत.

पहिला दिवस : रॉटरडॅमहून बोटीने किंडरडाइक. बोटीत सायकल नेता येते. तिथे 1740 च्या सुमाराच्या 19 पवनचक्क्या आहेत. त्या दळणाच्या नव्हेत, पाणी उपसण्याच्या. तिथली जमीन कुजलेल्या वनस्पतींची, भुसभुशीत. पाणी काढले की ती खचते, खचली की पुन्हा पाणी काढावे लागते. अशा ओल्या रानात नांगर चालत नाही, गवत मात्र जोमाने वाढते. म्हणून तिथे गाई, आणि गाई म्हणून चीज. मुक्काम 20-25 किलोमीटरवर स्खोनहोव्हनला.

दुसरा दिवस : कुलेमबोर्गपर्यंत, 30-35 किलोमीटर. नदीकाठी गाळाची चिकण माती लागते आणि गवताच्या जागी सफरचंद-पेअरच्या बागा दिसू लागतात. एप्रिलच्या उत्तरार्धात गेलात तर झाडे फुलांनी पांढरी झालेली असतात. नदी ओलांडायला होड्या आहेत, सायकलीसकट नेतात. त्यांच्या वेळा आधी पाहाव्यात.

तिसरा दिवस : ऱ्हेनेनवरून वागेनिंगेन, 35-40 किलोमीटर. इथे रेताड टेकड्या आणि झाडी सुरू होते. तीन दिवसांत तीन माती आणि तीन तऱ्हेची शेती! मोटारीतून हे कळत नाही. सायकलवरून उतरून ढेकूळ हातात घेता येते.

वाट चुकण्याची भीती नको. वाटा जिथे मिळतात तिथे आकडे लावलेल्या पाट्या असतात. निघण्यापूर्वी आपल्या वाटेवरचे आकडे ओळीने कागदावर लिहून घ्यावेत. भाषा येण्याची गरज नाही. ही युक्ती शेजारच्या बेल्जियममधील एका खाण अभियंत्याची.

काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तिथे उजव्या बाजूने चालवतात. पुष्कळ सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पायडल उलटे फिरवले की चाक थांबते. मोकळ्या जागी सराव करून मगच निघावे. अंधारात पुढे-मागे दिवा सक्तीचा आहे. चालवताना मोबाईल हातात धरला तर दंड होतो. पावसाचा अंगरखा जवळ हवाच. मुक्कामाला शेतकऱ्यांच्या आवारात तंबू टाकण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते. गोठा पाहायला मिळेल, यंत्राने आपोआप दूध काढताना दिसेल. परतताना एडे-वागेनिंगेन स्थानकावरून सायकल आगगाडीत घालता येते. तिचे वेगळे तिकीट लागते, आणि कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीची वेळ टाळावी लागते.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. किमान 30 हजार युरोचा प्रवासविमा लागतो. आणि आजपासून शेतावर सायकलनेच जावे, म्हणजे पायांना सवय होईल.

शेवटी एक. हा देश सायकलींचा म्हणून ओळखला जातो, पण मध्यंतरी तिथेही मोटारींनी रस्ते बळकावले होते. 1971 साली रस्त्यांवर 3,000 हून अधिक माणसे दगावली. त्यांत 400 हून अधिक मुले होती. 'मुलांची हत्या थांबवा' म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले. 1973 च्या तेलटंचाईत काही रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा मोकळा रस्ता कसा असतो ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे सरकारने हळूहळू वेगळ्या वाटा बांधल्या. तिथे मुले एकटी शाळेला जाताना दिसली की हे आठवावे. आपल्याही पोरी हमरस्त्याच्या कडेने, ट्रकचा वारा अंगावर घेत सायकलने शाळेला जातात. ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघेल तेव्हा कडेला चार फूट वाट मागायला आपण विसरू नये.