आमची मुक्ता, तुमची मुक्ता

घरातला कुकर बदलला तरी पहिले आठ दिवस भात बिघडतो. मग रोज रात्री जिच्याकडे एक डोळा ठेवून आपण पोळ्या लाटल्या, ती बाई एका संध्याकाळी दुसरीच होऊन आली तर मन थोडं बिघडणारच! जानेवारी २०२५ मध्ये स्टार प्रवाहच्या ‘प्रेमाची गोष्ट’ या मालिकेत असंच झालं. सप्टेंबर २०२३ पासून मुक्ताचं काम करणारी तेजश्री प्रधान मालिकेतून बाहेर पडली आणि तिच्या जागी स्वरदा ठिगळे आली. नाव तेच, घर तेच, नवरा तोच, मुलगी तीच. बाई तेवढी नवी.

तेजश्रीने मालिका का सोडली यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. त्यात मी शिरत नाही. मला बोलायचंय ते आपल्याबद्दल, म्हणजे बघणाऱ्यांबद्दल.

आमच्या कोपरीत हा बदल जरा जास्तच लागला, कारण तेजश्री डोंबिवलीची. पाच स्टेशनं पुढची मुलगी म्हणजे आपलीच की! ‘होणार सून मी ह्या घरची’मधली जान्हवी, सहा-सहा सासवांना सांभाळणारी, तेव्हापासून तिला आम्ही घरातली मानलेली. त्यात बदल झाला तो नेमका संक्रांतीच्या दिवसांत. त्या वर्षी एकाही हळदीकुंकवाला वाणाची चर्चा धड झाली नाही. जिथे जावं तिथे मुक्ताच! एकीचं म्हणणं, “चेहरा गोड आहे हो हिचा, पण मुक्ता नाही वाटत.” दुसरी म्हणाली, “मी तर बघणंच सोडलं. त्या वेळात कोशिंबिरीची तयारी होते माझी.” एक नुकतीच लग्न होऊन आलेली मुलगी मात्र ठामपणे म्हणाली, की नवी मुक्ता जास्त ठसक्यात बोलते, आधीची फार सोसायची. तिच्यावर सगळ्या जणी अशा काही तुटून पडल्या, की बिचारीने तिळगूळ तोंडात टाकून गप्प बसणं पसंत केलं. शेवटी आमच्या मजल्यावरच्या सत्तरीच्या काकू म्हणाल्या, “बाई बदलली तर बदलली. सईला आई आहे ना? मग झालं तर!”

काकूंनी सहज म्हटलेलं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मालिकेची गोष्ट आठवा. मुक्ता दातांची डॉक्टर. तिला मूल होणार नाही असं कळलेलं, आणि त्या पायी लग्नाच्या बाजारात तिची किंमत कमी झालेली. शेजारच्या सागर कोळीची छोटी सई तिला लळा लावते. सईची जन्मदाती, सावनी, घर सोडून गेलेली. मुक्ता त्या घरात जाते ती सईसाठी. (चेंदणी कोळीवाड्याच्या शेजाराने राहणाऱ्या आम्हांला पडद्यावर कोळ्यांचं घर बघायला मजा यायची, ते वेगळंच.) मूळ गोष्ट हिंदीतल्या ‘ये है मोहब्बतें’ची, आणि त्या मालिकेचं मूळ मंजू कपूर यांच्या ‘कस्टडी’ या इंग्रजी कादंबरीत. तिन्हीकडे सांगणं एकच, की मागून आलेली बाई म्हणजे दुय्यम बाई नव्हे. जिने मुलाला जवळ घेतलं ती आई.

या गोष्टीसाठी आपण दीड वर्ष डोळे पुसले. सईला कुणी “ती तुझी खरी आई नाही” म्हटलं की आपल्याला संताप यायचा. आणि खरोखरच एक बाई दुसरीच्या जागी येऊन उभी राहिली, तेव्हा आपण पहिल्या दिवशी काय म्हटलं? “ही खरी मुक्ता नाही.”

यावर एक मैत्रीण म्हणाली, “अगं, ते मालिकेतलं, हे कामातलं. काम आवडलं नाही तर म्हणायचं नाही का?” म्हणावं, जरूर म्हणावं. पण पहिल्या भागाच्या पहिल्या पाच मिनिटांत काम कळतं कुठे? मी स्वतः अर्धवेळ शिकवते. वर्षाच्या मध्यावर दुसऱ्या बाईंचा वर्ग हाती घेतला, की “आमच्या बाई असं नव्हत्या शिकवत” हे पहिला महिनाभर ऐकावं लागतं. मुलांचं मी मनाला लावून घेत नाही, ती मुलं आहेत. चाळिशीपन्नाशीच्या बायका तेच म्हणायला लागल्या की मात्र गंमत वाटते.

बरं, आपल्याला बदलाची सवय नाही असंही नाही. मराठी नाटकाचा प्रेक्षक तर याच्यावरच पोसलेला. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० साली आलं, आधी डॉ. श्रीराम लागूंनी केलं. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा कितीतरी जणांनी अप्पासाहेब बेलवलकर उभे केले. आमच्या घरातली वडील मंडळी अजून “आम्ही दत्ता भटांचा पाहिला” असं छाती फुगवून सांगतात. ‘ती फुलराणी’तली मंजुळा १९७५ मध्ये भक्ती बर्व्यांनी गाजवली, पुढे सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनीही केली. तुलना तेव्हाही झाल्या, पण त्या तुलनेसाठी लोक पुन्हा तिकीट काढत होते! गडकरी रंगायतनला नव्या संचातलं नाटक लागलं तर आपण उत्सुकतेने जातो. मालिकेतच काय बिनसतं?

मला वाटतं, फरक लिहिण्यात आहे. नाटकातली भूमिका आधी कागदावर पुरी झालेली असते. नट येतो आणि ती अंगावर चढवतो, उद्या दुसरा चढवील. रोजच्या मालिकेचं तसं नसतं. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे, दिवसाचे बारा-बारा तास चित्रीकरण. अशी कामं आपल्या घोडबंदर रस्त्यावरच्या सेटवरही चालतात. लेखक पुढचे प्रसंग लिहीत असतो तो समोरची बाई बघत. ती हसली की गोड दिसते ना, मग हसायचा प्रसंग वाढव. तिचा रडवेला आवाज लोकांना भिडतो ना, मग आठवड्यातून दोनदा रडव. असं करत वर्षभरात भूमिका त्या बाईच्या मापाने शिवली जाते. मग ती जाते, आणि दुसरीला तोच ब्लाउज घालून उभं करतात. खांद्यावर चुणी पडली की आपण म्हणतो, हिला शोभत नाही! शिंप्याला कुणी काही बोलत नाही.

याचं सगळ्यांत ठळक उदाहरण ‘अग्गंबाई सूनबाई’. आधीची ‘अग्गंबाई सासूबाई’ २०१९ मध्ये झी मराठीवर सुरू झाली तेव्हा शुभ्रा होती तेजश्री प्रधानच, आणि ती कशी? सासूचं, म्हणजे निवेदिता सराफांच्या आसावरीचं, दुसरं लग्न लावून देणारी खमकी सून. मार्च २०२१ मध्ये गोष्ट काही वर्षं पुढे गेली, शुभ्राच्या जागी उमा पेंढारकर आली, आणि शुभ्रा एकदम घाबरी, गप्प, स्वतःवरचा विश्वास गमावलेली दाखवली. त्या वर्षीच ऑगस्टमध्ये मालिका संपली. लोक म्हणाले, उमाला जमलं नाही. अहो, खमक्या बाईला मांजर करणारा लेखक होता, ती मुलगी नव्हे!

‘माझ्या नवऱ्याची बायको’तली शनाया २०१८ मध्ये बदलली. रसिका सुनीलच्या जागी ईशा केसकर आली, आणि २०२० मध्ये रसिका परत आली. ईशाची पंचाईत निराळी. ‘जय मल्हार’मधली तिची बानू लोकांच्या डोळ्यांपुढून हलेना. देवाच्या बानूने दुसरीचा नवरा पळवायचा म्हणजे काय! आणि हिंदीत ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’. तिथे अमर उपाध्यायचा मिहीर गेला, पुढे रोनित रॉयचा मिहीर आला, आणि लोकांनी त्याला वर्षानुवर्षं चालवून घेतलं. २००७ मध्ये स्मृती इराणीच्या जागी गौतमी कपूर, माहेरची गाडगीळ, तुळशी झाली, तर तिला वर्षभरसुद्धा टिकू दिलं नाही. नवरा बदललेला चालतो, सून बदललेली चालत नाही! पुरुषांना आपण सूट देतो असं मला उगीच वाटत नाही.

ही खोड आपल्या एकट्यांचीच आहे असं मात्र समजू नका. इंग्लंडात बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ नावाची विज्ञानकथेची मालिका १९६३ पासून, मधला खंड सोडला तर, चालत आलीय. तिचा नायक काळात मागेपुढे फिरणारा परग्रहावरचा माणूस. पहिल्या नटाची तब्येत साथ देईना, तेव्हा १९६६ मध्ये त्यांनी नामी युक्ती काढली. हा प्राणी मरायला टेकला की त्याचं शरीरच बदलतं! म्हणजे नट बदलण्याची सोय गोष्टीतच करून ठेवली. एक डझन पुरुष झाले, कुरकुर होत राहिली, मालिका चालली. २०१७ मध्ये पुढचा डॉक्टर म्हणून जोडी व्हिटेकर या बाईचं नाव जाहीर झालं आणि तिथले लोक दोन तट पडल्यासारखे भांडले. पूर्वी डॉक्टर झालेला एक नट, पीटर डेव्हिसन, म्हणाला की मुलग्यांचा एक आदर्श हरवला याचं वाईट वाटतं. त्याच्यामागून डॉक्टर झालेल्या कॉलिन बेकरने त्याला जाहीरपणे खोडून काढलं. परग्रहावरचा माणूस, हजार वर्षांचा, शरीर बदलणारा, हे सगळं पटलं. बाई झाली तेवढं पटेना.

आता थोडं घरातलं. आपल्या सासूबाई, आई, शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजी यांच्यासाठी मालिका ही नुसती करमणूक नसते. औषधाची वेळ, जेवणाची वेळ, सगळं तिच्यावर चालतं. चेहरा बदलला की काही आजी खरंच गोंधळतात, “ही कोण आणखी आली?” म्हणून चारदा विचारतात. तेव्हा “अहो नटी बदलली, किती वेळा सांगू” असं फटकारू नका. पहिले काही दिवस शेजारी बसा, कोण कुणाची हे सांगत राहा. आणि मुलांसमोर पडद्यावरच्या बाईच्या रंगावर, दातांवर, जाडीवर बोलणं टाळा. नवी आलेली बाई कशी तोलायची हे मुलं तिथेच शिकतात, आणि उद्या घरात वहिनी यायचीय.

‘प्रेमाची गोष्ट’ २०२५ मध्येच संपली. त्याच ऑगस्टमध्ये तेजश्री झी मराठीवर सुबोध भाव्यांबरोबर ‘वीण दोघांतली ही तुटेना’मध्ये आली, आणि आमच्याकडची हळदीकुंकवातली अर्धी मंडळी वाहिनी बदलून तिकडे गेली. त्याच महिन्यात ‘ठरलं तर मग’मधल्या पूर्णा आजी, ज्योती चांदेकर, वारल्या. इथे कुणी सोडून गेलं नव्हतं की कुणी काढलं नव्हतं. पुढे त्या जागी रोहिणी हट्टंगडी आल्या. मजल्यावरच्या काकू त्या दिवशी मुद्दाम आमच्याकडे येऊन बसल्या. भाग संपेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मग चष्मा पुसत म्हणाल्या, “ही पण चांगली आहे. पण आज जुनीची फार आठवण आली गं.” आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा आल्या.