डायलिसिस सुरू, पथ्य मात्र जुनेच

राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये जाहीर झाला आणि गरीब रुग्णांसाठी जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिसची वाट मोकळी झाली. भंडाऱ्यासारख्या धानपट्ट्यात आता प्रश्न उरतो तो रुग्णाच्या ताटाचा.

मूत्रपिंड निकामी होत असताना प्रथिने कमी खाण्याचा सल्ला मिळतो. डायलिसिस सुरू झाले की तो उलटतो. प्रत्येक वेळी रक्तातून काही ग्रॅम अमिनो आम्ले वाहून जातात. म्हणून वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिने लागतात. घरी मात्र भात आणि पातळ वरणाचेच पथ्य चालू राहिले, तर मांस झडते. अंगातल्या पाण्यामुळे काट्यावर ते दिसतही नाही.

हे ओळखायला महागडे यंत्र नको. पाणी काढल्यानंतरचे वजन महिन्यागणिक ताडून पाहावे, भुकेची चौकशी करावी, दंडाचा घेर आणि रक्तातील अल्ब्युमिन तपासावे. वजन प्रत्येक डायलिसिसला होतेच. त्याचा उतार कोणी तरी वाचायला हवा. अंडी आणि तलावांतली मासळी जिल्ह्यात मिळते. किती खावी, हे पोटॅशियम-फॉस्फरस पाहून डॉक्टर सांगतील. त्यासाठी डायलिसिस विभागात आहारतज्ज्ञाची नियमित फेरी हवी.