चौकट, हार आणि नोंद : कार्यकर्त्याच्या छायाचित्राचे भाबडे वाचन

मानवी हक्कांसाठी लढणाऱ्यांचे व्यक्तिछायाचित्र ही प्रतिकाराची संहिता होय, हे प्रमेय समीक्षाव्यवहारात जवळजवळ वादातीत होऊन बसले आहे. त्याचा प्रातिनिधिक आधार म्हणजे केरी केनेडी यांचा २००० सालचा ‘स्पीक ट्रुथ टू पॉवर’ हा ग्रंथ. त्यात देशोदेशीच्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती आहेत आणि एडी अ‍ॅडम्स यांनी टिपलेले त्यांचे चेहरे आहेत. डेस्मंड टुटू, वांगारी माथाई यांच्या पंक्तीत कैलाश सत्यार्थीही आहेत. अशा चेहऱ्यांपुढे उभा राहिलेला समीक्षक लेव्हिनासचे नाव घेतो आणि दुसऱ्याचा चेहरा समोर आला की नैतिक जबाबदारी जागी होते, असे बजावतो. मग एखाद्या सुरकुतीत बार्थचे ‘पंक्टम’ शोधून तो कृतार्थ होतो. हे वाचन भाबडे आहे, आणि हा भाबडेपणा निरुपद्रवी नाही.

चेहरा स्वतःहून बोलत नाही, हे खुद्द अ‍ॅडम्स यांना ठाऊक होते. १९६८ साली सायगावच्या रस्त्यावर एका बंदिवानाच्या डोक्यात गोळी झाडणाऱ्या सेनाधिकाऱ्याचे छायाचित्र त्यांनी घेतले. त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. पण त्या एका क्षणाने त्या अधिकाऱ्याचे उर्वरित आयुष्य गिळले आणि छायाचित्राने अर्धेच सत्य सांगितले, ही खंत अ‍ॅडम्स यांनी पुढे जाहीरपणे व्यक्त केली. छायाचित्रकाराला जी शंका आली, ती समीक्षकाला येत नाही.

अ‍ॅलन सेक्युला यांनी १९८६ साली दाखवून दिले की व्यक्तिछायाचित्राला जन्मापासूनच दोन अंगे आहेत : एक गौरवाचे, दुसरे दमनाचे. दिवाणखान्यातील तसबीर आणि पोलिसी दप्तरातील चेहरा ही एकाच तंत्राची अपत्ये होत. भारतीय संदर्भात तर दुसरे अंग फार आधी बळावले. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे ८ खंड निघाले. त्यांत माणसे जातीजमातींचे नमुने म्हणून मांडली गेली. त्याच सुमारास, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला. १९११च्या कायद्याने ती व्यवस्था विस्तारली आणि बोटांच्या ठशांची तरतूद केली. १९५२ साली कायदा रद्द झाला, परंतु सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी संशयाची ती नजर जिवंत ठेवली. ज्याच्या चेहऱ्याकडे पाहताच व्यवस्था ‘गुन्हेगार’ वाचते, त्या पारध्याला समीक्षकाने लेव्हिनास कोणत्या तोंडाने सांगावा? येथे चेहरा समोर येतो तो ओळख पटवण्यासाठी. जबाबदारी जागी होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

हा प्रश्न दूरचा नाही. १९९८ साली बारामतीत एका पारधी मजुराचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी पश्चिम बंगालमध्ये बुधन सबर कोठडीत मारला गेला, आणि अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी त्याच्या नावाने बुधन थिएटर उभे केले. बारामतीच्या मृत्यूवरही त्यांनी नाटक केले. त्यांनी तसबीर मागितली नाही. स्वतः ‘गुन्हेगार’ ठरवल्या गेलेल्या नटांनी आपली शरीरे त्या मृताला उसनी दिली. प्रतिकाराचे सौंदर्यशास्त्र रचू पाहणाऱ्याने सुरुवात येथून करायला हवी होती.

त्याच तालुक्यातील पिंपळीसारख्या गावात छायाचित्राचा अर्थ कसा घडतो, याकडेही समीक्षा पाहत नाही. आपल्याकडे भिंतीवरील तसबिरीला हार चढला की माणूस गेला, हे पोरालाही समजते. जित्या माणसाच्या फोटोला हार घालणे अभद्र मानले जाते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर थोर पुरुष टांगले जातात, जयंतीला पुसले जातात, आणि त्यांनी मांडलेले भांडण चौकटीबाहेर राहते. कार्यकर्त्याचे कलात्मक छायाचित्र हेच काम अधिक सफाईने करते. ते जित्या माणसाला हार चढवते.

मग छायाचित्र टाकाऊच का? तसे म्हणणे हा उलट्या बाजूचा भाबडेपणा होईल. प्रसिद्धी कधीकधी जीव वाचवते. अनोळखी कार्यकर्त्याला गायब करणे सोपे असते, ओळखीच्या चेहऱ्याला तितके नाही. अर्जेंटिनात १९७७ पासून प्लाझा दे मायोच्या मातांनी आपल्या बेपत्ता मुलांची छायाचित्रे चौकात आणली. त्यांतील कित्येक ओळखपत्रांवरची होती. शासनाने नोंदीसाठी घेतलेला चेहरा शासनालाच परत दाखवला गेला. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, आणि त्यांच्या चेहऱ्याबरोबर ‘आम्ही सारे दाभोलकर’ ही घोषणा रस्त्यावर आली. २०१५ मध्ये कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या खुनानंतरही तेच घडले. ही छायाचित्रे खिळ्याला टांगलेली नव्हती. ती हातांत होती, चालत होती, आणि त्यांच्यापुढे एक अनुत्तरित प्रश्न होता. त्यांचा अर्थ डोळ्यांतील भावात शोधणाऱ्याला तो सापडणार नाही. धरणाऱ्या हातांत, प्रश्नात आणि ‘आम्ही’ या सर्वनामात तो आहे.

हे सर्वनाम मराठी समीक्षेला आजवर जड गेले आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने आली, तेव्हा जमातीची साक्ष बाजूला सारून विपरीत परिस्थितीवर मात करणाऱ्या असामान्य माणसाचे व्यक्तिचित्र त्यांत पाहणारे वाचन रूढ झाले. नायकाला चौकट मिळाली आणि जमात पार्श्वभूमी झाली. छायाचित्रांची आजची समीक्षा तीच खोड पुढे चालवते.

तेव्हा कार्यकर्त्याच्या छायाचित्रावर लिहिणाऱ्याने चेहऱ्याच्या तेजाविषयी बोलण्याआधी काही साध्या गोष्टी सांगाव्यात : चित्र कोणी घेतले, कोणाच्या संमतीने, ते कोठे लागले, त्या माणसाबरोबर उभे असलेले कोण चौकटीबाहेर राहिले, आणि त्याचे भांडण आज कोणत्या कचेरीत पडून आहे. एवढे सांगितल्यावरही तेजाविषयी लिहावेसे वाटले, तर त्याने अवश्य लिहावे.