खोलीची शर्यत थांबवा

विहिरीचे पाणी जमीनमालकाचे, हा समज सोडून भूजल हा गावाचा सामाईक ठेवा मानलाच पाहिजे, अशी आमची ठाम भूमिका आहे. उन्हाळा लागला की द्वारका चौकातून बोअरच्या अवजड गाड्या पुणे रस्त्याने सिन्नरकडे वळतात. त्या कशासाठी चालल्या, हे नाशिककरांना सांगायला नको.

1882 च्या सुविधाधिकार कायद्याने मालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क दिला. पण पाणी बांध ओळखत नाही. ज्याच्या खिशात पैसा, त्याचा बोअर खोल जातो आणि शेजारच्या जुन्या विहिरीत उघडा खडक दिसू लागतो. हातपंप कोरडा पडला की गावाला टँकरची वाट पाहावी लागते. त्याहून वाईट म्हणजे, पावसाचे पाणी साठवण्यासाठी खोदलेली प्लास्टिक अंथरलेली शेततळी अनेक ठिकाणी बोअरच्या पाण्याने भरली जातात. खडकात सुरक्षित असलेले पाणी वर आणून उन्हात ठेवायचे, हे फळबाग जगवण्याच्या धडपडीतून घडते, हे आम्ही जाणतो. तरीही नुकसान सगळ्या शिवाराचे होते.

महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 शेती व उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई करतो. ही मर्यादा शिवारात दिसली पाहिजे. जिल्हा प्रशासनाने प्रत्येक बोअरयंत्राची नोंदणी तपासावी, खोदाईची खोली ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि उपशावर शेततळी भरणे बंद करावे; तेही पुढच्या उन्हाळ्याआधी.