शहराचा कचरा आणि शेतकऱ्याची जमीन

शहरांतील ओला कचरा आणि मैलापाण्याचा गाळ ही संपत्ती असून ती शेतांकडे परत गेली पाहिजे, हा विचार आता सरकारदरबारीही मान्य झाला आहे. २०१६ साली केंद्र सरकारने शहरी कंपोस्टच्या विक्रीसाठी टनामागे १५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले, ते याच भूमिकेतून. तत्त्वतः ही भूमिका योग्यच आहे. धान्य, भाजी, फळे यांच्या रूपाने शेतातून शहरात गेलेले नत्र, स्फुरद आणि पालाश कचरा डेपोत कुजते वा नदीत वाहून जाते. आणि ती तूट भरून काढण्यासाठी शेतकऱ्याला खताची पोती विकत घ्यावी लागतात.

शिवाय सेंद्रिय खताचे मोल केवळ अन्नद्रव्यांपुरते नाही. ते मातीचे कण बांधते, ओल धरून ठेवते, जिवाणूंना पोसते. पावसाने ओढ दिली असता कोरडवाहू पीक तगणे वा करपणे बऱ्याच अंशी या ओलीवर ठरते.

परंतु कोणता कचरा, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे कंपोस्टची जी पद्धत विकसित केली, तिच्यात मुख्यतः शेतातील काडीकचरा आणि शेण होते. आजच्या शहरी कचऱ्यात त्यांच्याबरोबर बॅटरीचे सेल, रंगाचे डबे, काच आणि प्लॅस्टिक असते. अर्धवट कुजलेले खत घातल्यास जिवाणू जमिनीतीलच नत्र ओढून घेतात व पीक पिवळे पडते. अतिरेक झाल्यास नायट्रेट झिरपून विहिरीच्या पाण्यात उतरते. हे दोष कालांतराने सुधारता येतात. शिसे आणि कॅडमियम मात्र कुजत नाहीत. मातीत गेले की ते पिढ्यानपिढ्या राहतात.

१९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी शिशाची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम ठरविली आहे. या मर्यादेतीलच खत सुक्या वजनाने हेक्टरी १० टन दरवर्षी घातले, तर वर्षाला एक किलो आणि वीस वर्षांत वीस किलो शिसे त्या हेक्टरात जाते. मर्यादा पोत्यावर आहे. शेतात साचणाऱ्या बेरजेचा हिशेब तीत नाही. मैलापाण्याच्या गाळाबाबत अमेरिकेने हा धडा महागात घेतला. तेथील मेन राज्यात गाळातून आलेल्या, सहजी नष्ट न होणाऱ्या रसायनांनी शेते व विहिरी दूषित झाल्या आणि २०२२ साली त्या राज्याला असा गाळ शेतात टाकण्यावर कायद्यानेच बंदी घालावी लागली.

हा प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा नाही. तो लाभ कोणाचा आणि जोखीम कोणाची, याचा आहे. कचरा उचलला गेल्याने नगरपालिकेचा भार हलका होतो, ठेकेदाराचे बिल निघते. जमीन नासली तर ती मात्र शेतकऱ्याची एकट्याची. शहराचा खर्च अशा रीतीने निमूटपणे खेड्यावर ढकलला जातो.

म्हणून कचरा शेतात जाऊ नये, असे नव्हे. तो शुद्ध होऊन गेला पाहिजे. घरातच ओला-सुका वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी घातले. त्याची अंमलबजावणी ही पहिली अट. प्रत्येक खेपेच्या तपासणीचा अहवाल मराठीत शेतकऱ्याच्या हाती पडावा. खत घेणाऱ्या शेतातील मातीची व विहिरीच्या पाण्याची ठरावीक काळाने विनामूल्य तपासणी व्हावी. आणि नुकसान झाल्यास भरपाईची जबाबदारी खत पुरविणाऱ्या संस्थेवर कायद्याने टाकावी. एवढी हमी देण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांना आपला कचरा शेतकऱ्याच्या बांधापलीकडे नेण्याचा अधिकार नाही.