बारा ठोकळ्यांचा दरवाजा

शिवनेरीच्या पायथ्याशीं वाढणाऱ्या मुलानें तोच गड ‘माइनक्राफ्ट’ या संगणकावरील खेळांत रचावयास घेतला, तर पालकांनीं लागलीच कपाळास आठी घालूं नये. (दिवाळींतला मातीचा किल्ला सुटूं नये, हें खरेंच.) त्या खेळांतील पिस्टन एका वेळीं फार तर १२ ठोकळे ढकलतो, ऑब्सिडियनचा ठोकळा तर त्यास हलतच नाहीं. गडाच्या ७ दरवाजांपैकीं एकच उघडमीट करणारा करावयाचा म्हटला, तरी कोणता ठोकळा आधीं, कोणता मागून, याचा हिशेब कागदावर मांडावा लागतो. ‘मॉड’ करून, म्हणजे खेळांत पदरचा फेरफार करून, अधिक बळाचें यंत्र बसविलें कीं हा हिशेबच संपतो. कळ दाबतांच अख्खी भिंत सरकते.

म्हणून तें यंत्र निषिद्ध मानावें काय? मला तसें वाटत नाहीं. खुद्द पिस्टनही आरंभीं एका हौशी खेळाडूचा मॉडच होता; २०११ सालीं तो मूळ खेळांत आला. मात्र सोबत्यांसह गड रचतांना सर्वांच्या संमतीवांचून असें यंत्र आणूं नये. ज्यानें साध्या पिस्टननें एक दरवाजा उघडून दाखविला, त्यानें पुढें तें खुशाल वापरावें.